क्रिस्टीज आणि सदबीजचे रत्न-लिलाव : दगडाची पारख चोख, इतिहासाची अपुरी

जिनिव्हा, न्यूयॉर्क आणि हाँगकाँग या शहरांत दरवर्षी भरणारे दुर्मीळ रत्नांचे मोठे लिलाव मुख्यतः दोन लिलावगृहांच्या हाती आहेत. सदबीजची स्थापना १७४४ साली झाली आणि क्रिस्टीजची १७६६ साली, दोन्हींची लंडनमध्ये. त्यांच्याकडून हिरा विकत घेणारे लोक जगात थोडेच असतील; मात्र त्यांचे कॅटलॉग कोणालाही विनामूल्य वाचता येतात, लिलावापूर्वीची प्रदर्शने लोकांसाठी खुली असतात आणि लिलाव घरबसल्या थेट पाहता येतो. एवढ्या अर्थाने ही सेवा आपल्यासारख्या वाचकांनाही उपलब्ध आहे, आणि तिचे परीक्षण करण्याचा अधिकारही आपल्याला आहे असे मी मानतो. मी जव्हेरी नाही. होळकर, गायकवाड आणि पेशवे यांच्या जवाहिराचे पुढे काय झाले, या कुतूहलातून मी हे कॅटलॉग वाचू लागलो आणि वाचतच राहिलो. या वाचनातून झालेले माझे मत असे आहे की रत्नाचे वर्णन करण्याच्या कामात ही लिलावगृहे अतिशय काटेकोर आहेत, परंतु ते रत्न कोणाचे होते आणि तेथून कसे बाहेर पडले हे सांगताना तोच काटेकोरपणा त्यांच्याकडून पाळला जात नाही.

प्रथम जे उत्तम आहे त्याविषयी. कॅटलॉगातील एखाद्या हिऱ्याची नोंद वाचताना सर्वांत आधी जाणवते ती तिच्यातील शिस्त. २०१९ च्या जून महिन्यात क्रिस्टीजने न्यूयॉर्क येथे कतारच्या अल थानी संग्रहातील जवळपास ४०० वस्तूंचा लिलाव केला, त्यात ‘मिरर ऑफ पॅरडाइज’ नावाचा ५२.५८ कॅरटचा गोवळकोंड्याचा हिरा होता. त्याचे वजन कॅरटच्या शतांशापर्यंत, रंग ‘डी’ म्हणजे पूर्ण रंगहीन, अंतर्भाग निर्दोष, आणि या प्रत्येक विधानाला अमेरिकेच्या जी.आय.ए. या प्रयोगशाळेच्या अहवालाचा आधार. हा हिरा सुमारे ६५ लाख डॉलरला गेला. आपल्याकडचे जुने जव्हेरी ज्याला हिऱ्याचे पाणी म्हणत, त्यामागचे कारणही या अहवालांमुळे समजते. गोवळकोंड्याच्या नामांकित हिऱ्यांपैकी बरेचसे ‘टाइप टू-ए’ या वर्गात मोडतात, म्हणजे त्यांच्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो, आणि पिवळसरपणाला कारणीभूत होणारा तो घटकच नसल्यामुळे दगड इतका स्वच्छ दिसतो. रत्न म्हणून वापरल्या जाणाऱ्या हिऱ्यांत या वर्गाचे प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के आहे. निळ्या हिऱ्यांचा रंग बोरॉनमुळे येतो, हेही अशाच अहवालांसोबतच्या टिपांतून वाचकाला सहज कळते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. हिरा कोणत्या खाणीतून निघाला हे त्याच्या नेहमीच्या तपासणीतून सिद्ध होत नाही. त्यामुळे ‘गोवळकोंडा’ हा शब्द जेव्हा नोंदीत येतो, तेव्हा तो दगडाच्या जातीवरून, पैलूंच्या जुन्या पद्धतीवरून आणि मालकीच्या इतिहासावरून काढलेला निष्कर्ष असतो. कृष्णेच्या काठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून हिरे निघत आणि ते गोवळकोंड्याच्या बाजारात विकले जात. अठराव्या शतकात ब्राझीलचे हिरे येईपर्यंत जगाला हिरा मुख्यतः भारतच पुरवत होता, म्हणून त्याआधीपासूनचा लेखी इतिहास असलेल्या दगडाच्या बाबतीत हा निष्कर्ष भक्कम असतो. इतिहास तुटक असेल तर तो सैल होतो. खरेदीदार ‘गोवळकोंडा’ या नावासाठी वेगळी किंमत मोजत असतो आणि त्या नावाचा मुख्य पुरावा प्रयोगशाळेच्या बाहेर, कागदपत्रांत असतो, म्हणून कॅटलॉगातील इतिहासाच्या मजकुराला शोभेचा मजकूर समजून चालत नाही. पुढची माझी बहुतेक तक्रार याच मुद्द्यावर आहे.

माणिक, नीलम आणि पाचू यांच्या बाबतीत प्रयोगशाळा अधिक बोलतात. दगडातील सूक्ष्म अंतर्भाव आणि अल्प प्रमाणातील मूलद्रव्ये पाहून गुबेलिन आणि एस.एस.ई.एफ. या स्विस संस्था उगमस्थानाविषयी मत देतात, आणि रंग खुलवण्यासाठी दगड तापवला आहे काय तेही सांगतात. मोठ्या लॉटला, म्हणजे लिलावातल्या मोठ्या नगाला, अनेकदा एकाहून अधिक संस्थांचे अहवाल जोडलेले असतात, ही पद्धत मला फार आवडते. मतभेद असेल तर तो खरेदीदाराच्या नजरेसमोर येतो. काश्मीरचे नीलम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाडरच्या डोंगरात अवघी काही वर्षे भरपूर निघाले आणि मग ती खाण जवळजवळ आटली, म्हणून ‘काश्मीर’ हा एक शब्द अहवालात असला की किंमत बदलते. माणकाच्या बाबतीत हेच स्थान ब्रह्मदेशाचे होते. ते एकाधिपत्य २०२३ च्या जूनमध्ये मोडले, जेव्हा मोझांबिकमध्ये सापडलेल्या खड्यातून घडवलेले ‘एस्त्रेला दे फुरा’ हे ५५.२२ कॅरटचे माणिक सदबीजने न्यूयॉर्कमध्ये ३.४८ कोटी डॉलरला विकले. मूळचा १०१ कॅरटचा खडा आदल्याच वर्षी खाणीतून निघाला होता. जुन्या राजघराण्याची कसलीही पुण्याई त्याच्यामागे नव्हती, आणि तरीही लिलावात कोणत्याही माणकाला तोवर मिळाली नव्हती अशी किंमत त्याला मिळाली. केवळ दगडाच्या गुणांवर झालेली ही विक्री हे या सेवेचे सर्वांत स्वच्छ रूप आहे.

किमतीच्या बाबतीत वाचकाने सावध राहावे. बोली ज्या आकड्यावर थांबते आणि हातोडा पडतो, तो आकडा खरेदीदार देत असलेली रक्कम नसतो. त्यावर लिलावगृह आपले कमिशन लावते. क्रिस्टीजने २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केलेल्या दरांनुसार पहिल्या दहा लाख डॉलरवर २६ टक्के, तेथून साठ लाखांपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे साडेचौदा टक्के अशी आकारणी होती. म्हणजे एक कोटी डॉलरवर हातोडा पडला तर खरेदीदाराने आणखी १८ लाख ४० हजार मोजायचे, आणि कर व आयातशुल्क त्याहून वेगळे. सदबीजने २०२४ मध्ये हे दर बरेच खाली आणले आणि वर्षभरातच पुन्हा वर नेले. दर उघडपणे छापलेले असतात, त्यात लपवाछपवी नाही. मात्र लिलावापूर्वीची अंदाजित किंमत या कमिशनशिवाय छापतात आणि लिलावानंतरची विक्रीची किंमत कमिशनसह जाहीर करतात, त्यामुळे वस्तू अंदाजाच्या पुढे गेली असे जे चित्र वृत्तपत्रांत उमटते ते पुष्कळदा फुगलेले असते. दोन्ही आकडे एकाच मापाने छापणे अवघड नाही, आणि ते करायला हवे.

हातोडा पडला म्हणजे विक्री झाली, हेही दरवेळी खरे नसते. ‘पिंक स्टार’ हा ५९.६० कॅरटचा गुलाबी हिरा २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सदबीजने जिनिव्हात ८.३२ कोटी डॉलरला विकल्याचे जाहीर केले. जगभर मथळे झाले. पुढे खरेदीदाराला पैसे भरता आले नाहीत, आणि विक्रेत्याला किमतीची हमी दिलेली असल्यामुळे हिरा सदबीजलाच आपल्या मालमत्तेत घ्यावा लागला. २०१७ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला तो पुन्हा लिलावात आला आणि ७.१२ कोटी डॉलरला चाउ ताय फूक या जवाहिरांच्या कंपनीने घेतला. विक्रेत्याच्या दृष्टीने पाहिले तर सेवा कसोटीला उतरली, कारण दिलेली हमी पाळली गेली. बाजारभावाची नोंद म्हणून या लिलावांकडे पाहणाऱ्यांना मात्र काही महिने एक खोटा आकडा प्रमाण मानावा लागला.

आता ज्या लिलावाने माझ्यासारख्या मराठी वाचकांचे सर्वाधिक लक्ष वेधले होते त्याकडे वळतो. ‘गोलकोंडा ब्लू’ हा २३.२४ कॅरटचा, नासपतीच्या घाटाचा, गडद निळा हिरा क्रिस्टीज १४ मे २०२५ रोजी जिनिव्हात विकणार होते आणि अंदाजित किंमत ३.५ ते ५ कोटी डॉलर होती. हा हिरा इंदूरच्या होळकरांचा. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९२३ साली पॅरिसच्या शोमे या पेढीकडून तो एका कंकणात बसवून घेतला. त्यांचे पुत्र यशवंतराव दुसरे यांनी १९३३ मध्ये मोबूसाँ या पेढीला दरबारी जव्हेरी म्हणून नेमले, आणि ‘इंदूर पेअर्स’ या हिऱ्यांच्या प्रसिद्ध जोडीसह हा निळा हिरा एका नव्या कंठ्यात आला. बर्नार बुते दे मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराणी संयोगिताबाईंचे जे व्यक्तिचित्र काढले, त्यात इंदूरचे हे जवाहीर दिसते. १९४७ साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी निळा हिरा घेऊन तेवढ्याच आकाराच्या पांढऱ्या हिऱ्याबरोबर एका ब्रोचमध्ये बसवला, आणि ते ब्रोच काही काळ बडोद्याच्या महाराजांकडेही होते. दोन मराठी संस्थानांच्या हातून गेलेला हा दगड पहिल्यांदाच खुल्या लिलावात येणार होता.

तो आलाच नाही. लिलाव होण्यापूर्वी क्रिस्टीजने तो यादीतून मागे घेतला. मालकाच्या इच्छेने माल मागे घेणे नियमांत बसते आणि त्यात गैर काही नाही. तरीही लिलावाची जी एक गोष्ट समाजाच्या उपयोगाची आहे, म्हणजे सर्वांसमोर ठरलेली किंमत, ती या हिऱ्याच्या बाबतीत हुकली. इतक्या दर्जाचा आणि एवढ्या लेखी इतिहासाचा निळा गोवळकोंडा पुन्हा केव्हा बाजारात येईल हे कोणी सांगू शकत नाही. त्याहून मला अधिक खटकले ते असे की जाहीर झालेला त्याचा सारा इतिहास १९२३ च्या पॅरिसपासून सुरू होतो. कृष्णाकाठच्या खाणीपासून इंदूरच्या जवाहिरखान्यापर्यंतच्या प्रवासाबद्दल त्यात काहीच नाही. पॅरिसच्या पेढ्यांनी आपल्या वह्या नीट जपल्या आणि लिलावगृहांना त्यांची भाषा वाचता येते, हे या मौनाचे एक कारण असावे असे मला वाटते.

हा इतिहास किती महत्त्वाचा असतो ते नाशिकच्या हिऱ्यावरून दिसेल. युरोपात ‘नस्सक’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा हिरा परंपरेने त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा मानला जातो, आणि तेथून तो पेशव्यांकडे आला. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाल्यावर तो कर्नल ब्रिग्ज यांच्या हाती पडला, त्यांनी तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे पोहोचवला आणि युद्धातील लूट म्हणून तो लंडनच्या बाजारात गेला. रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याला नव्याने पैलू पाडले. १८३७ च्या जुलैमध्ये लंडनच्या विलिस रूम्समध्ये झालेल्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो ७,२०० पौंडांना घेतला आणि आपल्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसवला. त्याच विक्रीत त्याने अर्काटच्या नबाबाने इंग्लंडच्या राणी शार्लट हिला दिलेले हिरेही घेतले. म्हणजे त्र्यंबकेश्वरचा हिरा आणि अर्काटचे हिरे एकाच दिवसाच्या विक्रीतून एकाच घरात गेले.

पुढची कथा या दोन्हींची निराळी झाली. अर्काटचे हिरे १९५९ मध्ये सदबीजच्या लिलावातून हॅरी विन्स्टनकडे आले, आणि त्यांतला ‘अर्काट दोन’ हा आता १७.२१ कॅरटचा हिरा २०१९ च्या त्या न्यूयॉर्कच्या लिलावात ३३ लाख ७५ हजार डॉलरला गेला. नाशिकचा हिरा विन्स्टनने १९४० मध्ये पॅरिसला मिळवला. त्या वेळी तो सुमारे ८० कॅरटचा होता. त्याला चौकोनी पन्ना-घाटाचे नवे पैलू पाडले तेव्हा तो ४३.३८ कॅरटचा उरला. निर्दोष झाला, झळाळला, आणि जवळजवळ निम्मा नाहीसा झाला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट या लिलावगृहात तो पाच लाख डॉलरला विकला गेला. आजच्या बाजाराच्या नियमांनुसार विन्स्टनचा निर्णय व्यापारी शहाणपणाचा म्हटला जाईल. मला ते पटत नाही. देवापुढे ठेवलेल्या दगडाचा घाट हा त्याच्या इतिहासाचाच भाग असतो आणि एकदा घासून काढलेला घाट पुन्हा मिळत नाही.

हे जुन्या काळापुरते नाही. बव्हेरियाच्या राजघराण्याचा ३५.५६ कॅरटचा निळा ‘विटेल्सबाख’ हिरा २००८ च्या डिसेंबरमध्ये क्रिस्टीजने लंडनला १.६४ कोटी पौंडांना विकला, आणि खरेदीदार लॉरेन्स ग्राफ यांनी त्याला पुन्हा पैलू पाडून तो ३१.०६ कॅरटवर आणला. त्याची प्रयोगशाळेतील श्रेणी सुधारली आणि सतराव्या शतकातला घाट गेला. लिलावगृहाची जबाबदारी हातोड्याबरोबर संपते हे कायद्याने बरोबर आहे. तरी ज्या वस्तूचे ऐतिहासिक मूल्य सांगून तिची किंमत वाढवली, तिच्या घाटाविषयी विक्रीच्या अटींत एखादी विनंती तरी असावी, अशी अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही.

बडोद्याच्या गायकवाडांच्या वस्तू या लिलावांत पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांच्या नोंदी वाचणे हा मोठा आनंद असतो. २००७ च्या एप्रिलमध्ये क्रिस्टीजने न्यूयॉर्कला ६८ मोत्यांचा दुपदरी ‘बडोदा’ कंठा सुमारे ७१ लाख डॉलरला विकला. मूळच्या सातपदरी कंठ्यातले सर्वांत मोठे मोती निवडून तो बांधलेला होता. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा, ज्यात आखातातले बारीक बसरा मोती दहा लाखांहून अधिक संख्येने ओवलेले आहेत, तो २००९ च्या मार्चमध्ये सदबीजने दोहा येथे सुमारे ५४ लाख ५८ हजार डॉलरला विकला. खंडेरावांनी तो मदिनेच्या पैगंबरांच्या कबरीवर घालण्याच्या हेतूने करवला होता असे सांगितले जाते, पण १८७० मध्ये ते वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. एका मराठा राजाची ही इच्छा, तिच्यामागची श्रद्धा आणि त्या काळच्या बडोद्याचे वातावरण यांवर कितीतरी लिहिता आले असते.

‘प्रिन्सी’ या ३४.६५ कॅरटच्या गुलाबी गोवळकोंडा हिऱ्याचे उदाहरण मात्र सावध करणारे आहे. हा निजामाचा हिरा १९६० मध्ये सदबीजने लंडनला ४६,००० पौंडांना विकला, व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने तो घेतला आणि बडोद्याच्या महाराणी सीतादेवी यांच्या मुलाच्या लाडक्या नावावरून त्याचे नाव ठेवले. २०१३ च्या एप्रिलमध्ये क्रिस्टीजने न्यूयॉर्कला तो ३.९३ कोटी डॉलरला विकला. त्यानंतर एका इटालियन कुटुंबाने हा हिरा आपल्या संमतीवाचून विकला गेला असा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाखल केला. दाव्यात कोणाची बाजू खरी याविषयी मी बोलणार नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने मुद्दा एवढाच आहे की हिऱ्याच्या रंगाबद्दल आणि वजनाबद्दल कोणी न्यायालयात गेले नाही, वाद पेटला तो मालकीच्या साखळीतल्या एका कडीवरून. दगडाचे प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र प्रयोगशाळा असते; मालकीच्या इतिहासाला तसे स्वतंत्र प्रमाणपत्र नसते, तेथे लिलावगृहाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

या शब्दाची कसोटी अलीकडे दोनदा लागली. ऑस्ट्रियाच्या हायडी होर्टेन यांचे दागिने क्रिस्टीजने २०२३ च्या मे महिन्यात विकले आणि एकूण विक्री २०.२ कोटी डॉलरवर गेली. त्यांच्या पतीने नाझी राजवटीत ज्यू मालकांवर दडपण असताना त्यांचे व्यवसाय घेऊन आपली संपत्ती उभारली होती, यावरून तीव्र टीका झाली, आणि उरलेल्या दागिन्यांचा पुढचा लिलाव क्रिस्टीजने त्याच वर्षी रद्द केला. दुसरी कसोटी आपल्या अगदी जवळची. उत्तर प्रदेशातील पिपरहवा येथील स्तूपात १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांना बुद्धाच्या अस्थींसोबत ठेवलेली रत्ने सापडली होती, त्यांतली ३३४ रत्ने सदबीज २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला विकणार होते. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिल्यावर लिलाव पुढे ढकलला गेला, आणि मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाने ती रत्ने घेतल्यामुळे जुलैअखेरीस ती भारतात परत आली. रत्नपारख्याच्या तराजूत तोललात तर तेथले पुष्कळसे दगड साधे आहेत, स्फटिक, जांभळमणी, अकीक, पोवळे. भाविकांच्या दृष्टीने ते अस्थींपासून वेगळे करताच येत नाहीत. अशा वस्तूला लॉट क्रमांक देण्यापूर्वीच हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवे होते. शेवट चांगला झाला याचे मला मनापासून समाधान आहे, पण त्याचे श्रेय लिलावगृहाच्या छाननीला देता येत नाही.

महाराष्ट्रातून या लिलावांत भाग घेऊ इच्छिणाऱ्याने दोन व्यवहाराच्या गोष्टी आधी पाहाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम परदेशी पाठवता येते, म्हणजे वर उल्लेखलेले बहुतेक दगड एकट्या निवासी भारतीयाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. लहान खडे, जुने मोती, मुघल मीनाकाम असलेली पदके हे आवाक्यात येऊ शकते, आणि तेथे कॅटलॉगाशिवाय वस्तूच्या स्थितीचा अहवालही लेखी मागवून घ्यावा. ही लिलावगृहे तो विनामूल्य देतात आणि दुरुस्ती, बदललेले कोंदण, तुटलेला मीना यांची माहिती बहुधा तेथेच मिळते. दुसरे असे की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुना दागिना भारताबाहेर विकायला नेता येत नाही. म्हणून घरातील जुना दागिना विकायचा असेल तर सॅफ्रनआर्ट किंवा अ‍ॅस्टागुरू यांसारखी मुंबईची लिलावगृहेच उपयोगाची. त्यांच्या कॅटलॉगांत प्रयोगशाळेचे अहवाल असतात आणि छायाचित्रे चांगली असतात, परंतु इतिहासाचा मजकूर माझ्या मते परदेशी कॅटलॉगांहूनही त्रोटक असतो.

निजामाच्या जवाहिराची आठवण या संदर्भात अटळ आहे. ते परदेशी बोलीदारांना विकण्याचा प्रयत्न झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ नग २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. ते मुंबईच्या रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत ठेवले गेले आणि मोजक्या वेळी हैदराबाद व दिल्लीला प्रदर्शनात मांडले गेले. १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा त्यातच आहे. इतका मोठा संग्रह देशात राहिला याबद्दल कृतज्ञता वाटते, तरी एक कबूल केले पाहिजे की जिनिव्हातल्या एखाद्या लिलावापूर्वीच्या चार दिवसांत एखादे रत्न जितक्या सहज पाहता येते, तितक्या सहज हा संग्रह आपल्याला पाहता येत नाही. लोकांना रत्न जवळून, चांगल्या प्रकाशात, पुरेशी माहिती देऊन दाखवणे या एका बाबतीत आपल्या संस्थांनी लिलावगृहांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

क्रिस्टीज आणि सदबीज यांच्याकडून माझी एक ठोस मागणी आहे. मराठा राज्यकारभारात जवाहिरखाना हे स्वतंत्र खाते होते. तेथे कोणता नग कोठून आला, कोणाला नजर केला, कधी मोडून नव्याने घडवला, याचे हिशेब ठेवले जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे प्रचंड भांडार आहे, होळकर आणि गायकवाड संस्थानांचीही दफ्तरे आहेत, आणि मोडी वाचणारे अभ्यासक आजही पुण्यात, नाशिकमध्ये, बडोद्यात काम करीत आहेत. एका हिऱ्यासाठी दोन-तीन प्रयोगशाळांचे अहवाल मागवणाऱ्या लिलावगृहाला त्याच हिऱ्यासाठी दोन मोडी वाचकांना काही महिने कामाला लावणे मुळीच जड नाही. होळकरांचा किंवा गायकवाडांचा पुढचा नग जेव्हा कॅटलॉगात येईल, तेव्हा पॅरिसच्या पेढीच्या वहीशेजारी इंदूरच्या किंवा बडोद्याच्या जवाहिरखान्याची नोंदही छापलेली असावी. तोवर दगडाच्या वर्णनासाठी या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देतो, किमतीच्या पारदर्शकतेसाठी साडेतीन, आणि इतिहासासाठी दोन.